पास कोणासाठी छापला होता? युरोपातल्या स्वस्त रेल्वेप्रवासाची गोष्ट



आजचा विषय वरवर पाहिला तर सुट्टीचा आहे. युरोपात रेल्वेने फिरायचं, तेही सगळ्या कुटुंबाला घेऊन, तेही खिशाला परवडेल असं. पण कुटुंब कसं आहे बघा. आजोबांना जिने चढवत नाहीत. थोरली मुलगी १४ वर्षांची, व्हीलचेअर वापरते. धाकटा ७ वर्षांचा, स्वमग्न. गर्दी आणि मोठे आवाज त्याला सहन होत नाहीत. आईबाबांकडे रजा दोन आठवड्यांची आणि पैसे मोजकेच.

असं कुटुंब फोन घेऊन माहिती शोधायला बसलं की त्यांना दोन वेगळ्याच दुनिया दिसतात. एका दुनियेत स्वस्त पास, स्वस्त तिकिटं, रात्रीच्या गाड्या. दुसऱ्या दुनियेत रॅम्प, लिफ्ट, मदतीचे फोन नंबर. या दोन दुनिया एकमेकींशी बोलत नाहीत. पहिली म्हणते, मन मानेल तेव्हा गाडीत बसा. दुसरी म्हणते, कोणत्या गाडीत बसणार ते आदल्या दिवशीच सांगा.

हे असं का? कारण या दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. तिकिटावरची प्रत्येक सवलत कोणा एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून काढलेली असते. तो माणूस कोण होता हे कळलं, की ती सवलत आपल्याला कुठपर्यंत साथ देईल आणि कुठे हात सोडेल, हेही कळतं. आज आपण त्या माणसांना एकेक करून भेटू.

एक शिलिंग आणि उघडा डबा

पहिला मुक्काम इंग्लंड. ५ जुलै १८४१. थॉमस कुक नावाचा दारूबंदीचा प्रचारक लेस्टर गावाहून लफबरोला एक खास गाडी घेऊन गेला. गाडीत सुमारे ५०० माणसं, जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. हिशोब सोपा होता. एकट्यादुकट्याला महाग पडणारा प्रवास पाचशे जणांनी मिळून केला की स्वस्त होतो. फक्त सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच गाडीने जायचं. आजच्या ग्रुप टूरचं बीज तिथे आहे.

पण त्या काळात स्वस्त म्हणजे काय, तेही ऐका. त्याच वर्षी २४ डिसेंबरला रेडिंगजवळ सॉनिंग इथे दरड कोसळली आणि त्या ढिगाऱ्यावर गाडी आदळली. तिसऱ्या वर्गाचे प्रवासी चक्क उघड्या, बुटक्या कडांच्या वाघिणींत बसलेले होते. ९ जण गेले. त्यांतले बरेचसे नाताळाला घरी निघालेले बांधकाम कामगार होते.

या अपघातानंतर प्रश्न संसदेत गाजला आणि १८४४ साली कायदा आला. प्रत्येक मार्गावर दिवसातून निदान एक गाडी अशी चालवायची, की तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ऊनपावसापासून आडोसा मिळेल आणि भाडं मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नसेल. शिवाय ३ वर्षांखालचं मूल फुकट, आणि ३ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट. हो, तेच आपलं 'हाफ तिकीट'! १२ वर्षांची ही रेघ आपल्याकडच्या रेल्वेतही आहे, आणि थोड्या वेळात ती पुन्हा आपल्यासमोर येणार आहे, लक्षात ठेवा.

तर पहिला माणूस कोण? कामगार. अंगाने धडधाकट, खिशाने रिकामा. तो उंच पायरीवर पाय ठेवून डब्यात चढू शकतो, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

याच काळात युरोपभर रेल्वे बांधली जात होती, आणि बऱ्याच ठिकाणी ती खासगी कंपन्या बांधत होत्या. प्रत्येकीचे डबे आणि प्लॅटफॉर्म आपापल्या मापाचे. त्याचे परिणाम आजही तिथे आहेत. प्लॅटफॉर्मची प्रमाणित उंची ब्रिटनमध्ये ९१५ मिलिमीटर, नेदरलँड्समध्ये ७६०, स्वित्झर्लंडमध्ये ५५०. जर्मनीत ५५० आणि ७६० दोन्ही सापडतात. बेल्जियममध्ये तर तीन-तीन उंचीचे प्लॅटफॉर्म आहेत. म्हणजे एका देशात सपाट आत शिरणारी व्हीलचेअर सीमा ओलांडली की दोन पायऱ्या खाली राहते.

पॅरिसचंही तेच. उत्तरेकडच्या कंपनीचं स्टेशन वेगळं, दक्षिणेकडच्या कंपनीचं वेगळं. १९३८ मध्ये या कंपन्या एकत्र येऊन फ्रान्सची राष्ट्रीय रेल्वे झाली, पण स्टेशनं जिथल्या तिथेच राहिली. म्हणून आजही उत्तरेकडून गार द्यु नॉरला उतरायचं आणि दक्षिणेची गाडी पकडायला शहर ओलांडून गार द लियोंला जायचं. मधली मेट्रो १९०० साली सुरू झालेली, जिन्यांनी भरलेली. १९९८ मध्ये सुरू झालेली १४ नंबरची लाइन मात्र पहिल्यापासून व्हीलचेअरचा विचार करून बांधली गेली.

युद्ध, मुलं आणि पगारी रजा

दुसरा मुक्काम फ्रान्स, पहिल्या महायुद्धानंतर. देशाचे तेरा लाखांहून जास्त सैनिक मारले गेलेले. लाखो जण हात, पाय, डोळे गमावून परतलेले. पॅरिसच्या मेट्रोत युद्धात जायबंदी झालेल्यांसाठी जागा राखीव ठेवल्या गेल्या. सार्वजनिक वाहनात अपंग माणसासाठी ठेवलेली जागा म्हणून हे महत्त्वाचं पाऊल होतं, पण ती जागा मिळाली देशासाठी लढल्याबद्दल. जन्मापासून पाय अधू असलेलं मूल त्या पाटीवर पहिलं नव्हतं.

त्याच सुमारास, १९२१ मध्ये, मोठ्या कुटुंबांना रेल्वेभाड्यात सवलत देणारा कायदा आला. लोकसंख्या घटतेय ही चिंता होती, म्हणून जास्त मुलं असतील त्यांना जास्त सूट. ही योजना अजून चालू आहे: ३ मुलं असतील तर ३० टक्के, ४ असतील तर ४०, ५ असतील तर ५०, आणि ६ किंवा जास्त असतील तर ७५ टक्के. पुण्याहून सुट्टीला गेलेल्या पर्यटकाला हे कार्ड मिळत नाही. पण त्यातला विचार बघा. मुलं जास्त तर सूट जास्त. एकाच मुलाला तीन मुलांइतकी मदत लागत असेल, तर? ते या हिशोबात बसतच नाही.

मग १९३६. लेऑं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी रजा दिली. रजा मिळाली, पण जायचं कसं? म्हणून सुट्टीसाठी ४० टक्के सवलतीचं रेल्वे तिकीट निघालं. त्या उन्हाळ्यात लाखो फ्रेंच कुटुंबं रेल्वेने सुट्टीला निघाली, आणि त्यांतल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. 'सुट्टी ही श्रीमंतांची चैन नाही, ती सगळ्यांच्या वाट्याची गोष्ट आहे,' हा विचार सरकारी तिकिटावर छापून आला, असं म्हणा ना. आता प्रश्न एवढाच, की 'सगळे' म्हणजे कोण कोण?

पाठीवर सॅक, खिशात पास

आता दुसऱ्या महायुद्धानंतरचा युरोप. १९५९ मध्ये युरेल पास आला. तो युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी, सुरुवातीला १३ देशांचा आणि पहिल्या वर्गाचा. खिशात डॉलर घेऊन आलेला अमेरिकन पर्यटक त्याच्या डोळ्यांसमोर होता. आजही आपण भारतातून जाणार असू तर आपल्यासाठी युरेलच. युरोपात राहणाऱ्यांसाठी दुसरा पास आहे, इंटररेल.

इंटररेल आला १९७२ मध्ये. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला ५० वर्षं झाली म्हणून त्या वर्षापुरती काढलेली योजना. २१ देश, वय २१ पर्यंत, एक महिना हवं तितकं फिरा. तरुणांनी ती इतकी उचलून धरली की बंद करायची सोयच उरली नाही. १९७९ पर्यंत वयाची अट २६ वर गेली, १९९८ मध्ये अटच निघाली. युरोपातल्या कित्येकांना शेजारचा देश पहिल्यांदा दिसला तो या पासाच्या खिडकीतून.

या पासाचा माणूस डोळ्यांसमोर आणा. वय वीस. एकटा किंवा मित्रांबरोबर. पाठीवर सॅक. रात्र गाडीच्या सीटवर काढून हॉटेलचे पैसे वाचवणारा. बदलायची गाडी पाच मिनिटांत असेल तर जिन्यावरून पळत सुटणारा. 'कुठे जायचं ते सकाळी ठरवू' हे त्याचं सुख. पासाचं सगळं गणित या सुखावर बांधलेलं आहे.

आज या पासांत ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, एका मोठ्या माणसामागे दोन. ४ वर्षांखाली पासच लागत नाही. म्हणजे आपल्या कुटुंबातल्या ७ वर्षांच्या धाकट्याचा प्रश्न मिटला. पण थोरली १४ ची. आली की नाही ती १२ ची रेघ! पासाच्या भाषेत ती 'युवा प्रवासी', पाठीवर सॅक घेतलेल्या त्या पोराच्याच रांगेत. तिला चढताउतरताना आईचा हात लागतो, हे त्या रांगेला ठाऊक नाही.

गार्डच्या डब्यातले प्रवासी

मग इतकी वर्षं व्हीलचेअर वापरणारी माणसं रेल्वेने कशी जात होती? ब्रिटनमध्ये उत्तर होतं, गार्डच्या डब्यातून. जिथे पार्सलं, सायकली, टपालाच्या पिशव्या ठेवत, तिथे. तिकीट माणसाचं, जागा सामानाची. खिडकी नाही, थंडीत ऊब नाही, शेजारी बोलायला कोणी नाही. १९८० च्या दशकातही हे अनेकांच्या नशिबी होतं.

बदल आपोआप झाला नाही. १९७४ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला व्हीलचेअर वापरणारे गुस्टी स्टायनर आणि पत्रकार एर्न्स्ट क्ले यांनी प्रौढांच्या एका अभ्यासवर्गातून आंदोलन उभं केलं. दिव्यांग आणि बिगरदिव्यांग, दोघंही त्या वर्गात होते. 'आम्हाला ट्राममध्ये चढता येत नाही, तर ट्रामही पुढे जाणार नाही,' असा पवित्रा घेऊन त्यांनी रुळांवर ट्राम अडवली.

आणि १९८० मध्ये त्याच शहरात जे झालं, ते तर थेट सुट्टीबद्दलच होतं. एका बाईंनी टूर कंपनीवर दावा लावला होता. तक्रार अशी, की ग्रीसमधल्या आमच्या हॉटेलात दिव्यांग लोकांचा एक गट उतरला होता, त्यांना पाहावं लागल्यामुळे आमची सुट्टी बिघडली. २५ फेब्रुवारी १९८० ला कोर्टाने चक्क त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सहलीच्या पैशांतली काही रक्कम परत करायला लावली. दुसऱ्याचं नुसतं दिसणं हे कोर्टाच्या लेखी सहलीतला दोष ठरलं! त्या निकालाविरुद्ध ८ मे १९८० ला फ्रँकफर्टच्या रस्त्यावर सुमारे ५,००० माणसं उतरली.

ही घटना मी मुद्दाम सांगतोय. आपण रॅम्प, लिफ्ट, प्लॅटफॉर्मची उंची असं तांत्रिक बोलत राहतो. पण मुळात भांडण होतं ते, सुट्टीच्या जागी तुम्ही दिसायला हवं की नको, याचं. गार्डचा डबा आणि हा निकाल एकाच विचाराची दोन रूपं आहेत.

पुढचा प्रवास कायद्याचा. ब्रिटनमध्ये १९९५ ला अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करणारा कायदा झाला आणि १९९८ मध्ये रेल्वे डब्यांसाठी त्याचे नियम आले. स्वित्झर्लंडने २००४ पासून कायदा लागू केला आणि सार्वजनिक वाहतुकीला २० वर्षं दिली. २०२३ संपलं तेव्हा बरीच स्टेशनं अजून बाकी होती. घड्याळासाठी नावाजलेल्या देशाची ही गत.

युरोपियन युनियनचा रेल्वेप्रवाशांच्या हक्कांचा नियम ३ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. मदत हवी असेल तर ४८ तास आधी कळवा, असं त्यात होतं. ७ जून २०२३ पासून नवा नियम आला आणि ४८ चे २४ झाले. ब्रिटनने आपल्याकडे ही मुदत २ तासांवर आणली आहे. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. युरोपियन नियमातली व्याख्या फक्त व्हीलचेअरपुरती नाही. शारीरिक, मानसिक, बौद्धिक, दिसण्या-ऐकण्याची अडचण, कायमची असो वा तात्पुरती, आणि म्हातारपणामुळे मंदावलेली चालही त्यात येते. म्हणजे आपल्या कुटुंबातली थोरली, धाकटा आणि आजोबा, तिघंही मदत मागू शकतात. आणि या मदतीचे पैसे लागत नाहीत.

दोन इतिहास, एक प्लॅटफॉर्म

आता दोन्ही धागे शेजारी ठेवा. पास सांगतो, सकाळी ठरवा. मदतीचा नियम सांगतो, २४ तास आधी ठरवा. पास काढला गेला पळणाऱ्या तरुणासाठी. मदतीचा नियम धरून चालतो की तुम्ही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, ठरवून, एकदाच जाणार आहात. महिनाभर भटकणारं, मजा करणारं दिव्यांग मूल दोघांच्याही डोळ्यांसमोर नव्हतं.

यात तिसरी भर पडली १९९३ मध्ये. फ्रेंच रेल्वेने 'सोक्रात' नावाची आरक्षणाची संगणक यंत्रणा आणली, अमेरिकन विमान कंपनीच्या यंत्रणेवर बेतलेली. तेव्हापासून रेल्वेचं भाडंही विमानासारखं मागणीप्रमाणे वर-खाली होऊ लागलं. आगाऊ काढलं तर स्वस्त, पण त्याच गाडीला बांधलेलं. धडधाकट माणसाला हा सौदा ठीक. पण स्टेशनवरची लिफ्ट बंद निघाली, किंवा गर्दीत धाकटा बिथरून जमिनीवर बसला, तर ती गाडी गेली आणि बहुतेक वेळा तिकिटाचे पैसेही गेले.

मग बेत कसा आखायचा?

इतिहास कळला की बेत सोपा होतो. पास घ्यायचा तो खूप गाड्या पकडण्यासाठी नाही, तर एक गाडी चुकली तरी पैसे बुडू नयेत म्हणून. आपल्या कुटुंबासाठी पास हा एक प्रकारचा विमा आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथल्या दिवसाच्या बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही, त्यामुळे पुढच्या गाडीत बसता येतं. फ्रान्सच्या टीजीव्हीत, इटली-स्पेनच्या वेगवान गाड्यांत आणि युरोस्टारमध्ये पास असूनही आरक्षण वेगळं काढावं लागतं, त्याचे पैसे वेगळे, आणि फुकट पासवाल्या मुलालाही ते चुकत नाही. व्हीलचेअरची जागा तर गाडीत मोजून एखाद-दुसरी असते. म्हणून आधी ती जागा पक्की करा, मग बाकीच्यांची तिकिटं, मग हॉटेल. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात आणि अडकतात.

मोजक्या दिवसांचा पास बघा, एका महिन्यात प्रवासाचे ४ किंवा ५ दिवस चालणारा. दोन-तीन शहरं निवडा, प्रत्येकात चार-पाच रात्री मुक्काम करा. सामान कमी उचललं जातं, धाकट्याला खोली ओळखीची होते, आणि स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर जेवणाचा खर्चही आटोक्यात राहतो. प्रवासाच्या दिवशी एकच लांबची गाडी, जास्तीत जास्त एकदा बदल, आणि मध्ये निदान पाऊण तास. मदत २४ तास आधी सांगाच, पण जमल्यास आणखी आधी सांगा. व्हीलचेअरची लांबी, रुंदी आणि बॅटरीसकट वजन फोनमध्ये लिहून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. गाडी चुकली तर पासामुळे तिकीट वाचतं, मदत मात्र पुढच्या गाडीसाठी पुन्हा सांगावी लागते.

पॅरिस टाळता येत नसेल तर स्टेशन बदलण्यासाठी मेट्रोपेक्षा रॅम्पवाली बस किंवा टॅक्सी बघा. लंडनहून दक्षिण फ्रान्सला जायचं असेल तर लील युरोपला गाडी बदलली की पॅरिस ओलांडावं लागत नाही. रात्रीची गाडी हवी असेल तर ऑस्ट्रियाच्या नाइटजेटचे २०२३ च्या डिसेंबरपासून धावू लागलेले नवे डबे बघा. त्यात व्हीलचेअरसाठी खालून सपाट प्रवेश आणि वेगळा कप्पा आहे. फक्त आपल्या मार्गावर तेच डबे धावतात ना, एवढं विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र गृहीत धरू नका. आपलं यूडीआयडी कार्ड दाखवलं की तिकडे भाड्यात सूट मिळेल, असं नाही. आत्तापर्यंत तर जर्मनीचं कार्डही फ्रान्सने मानायलाच हवं, असं नव्हतं. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये सर्व सदस्य देशांत चालेल अशा दिव्यांग कार्डाचा कायदा केला, तो जून २०२८ पासून लागू होईल. तेही मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी. पण सवलत वेगळी आणि मदत वेगळी. सवलत देणाऱ्याच्या मर्जीची असते. मदत हा आता हक्क आहे, आणि तो तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाचा आहे, पासपोर्ट कुठलाही असो.

१८४४ मध्ये कामगाराला डब्यावर छप्पर मिळालं, १९३६ मध्ये समुद्र मिळाला, १९७२ मध्ये तरुणांना २१ देश मिळाले. यांपैकी कोणीही आधी 'प्रवासी' म्हणून धरला जात नव्हता, आणि एकदा धरला गेल्यावर त्याला पुन्हा वगळणं कोणाला जमलं नाही. १४ वर्षांची ती मुलगी गार्डच्या डब्यातून खिडकीपर्यंत आली आहे. 'सकाळी ठरवू' एवढं सुख तेवढं तिला मिळायचं बाकी आहे.

तर मंडळी, तुमच्या घरात असा बेत शिजत असेल तर हा भाग घरच्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, फिरत राहा!